मानाची वायर

तेरखेडा
४ सप्टेंबर २०२५

हर्षाली,

आधी काम, मग बाकीचं.

काल बुधवार. सकाळी कॅमेऱ्याचं यंत्र लावलं तर पडदा काळाच. मुख्यालयाच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, तुमचं डिव्हाइस ऑथेंटिकेट होत नाहीये." म्हटलं, मराठीत सांग. "ते स्वतःची ओळख देत नाहीये." म्हटलं, "अरे, ते यंत्र आहे. आणलं तेव्हापासून याच खोलीत आहे. त्याची ओळख मी देते. मी शिवगंगा, या केंद्राची सिस्टर इन्चार्ज." तो हसला. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

ट्रस्टच्या सगळ्या केंद्रांचं नेटवर्क तुमचा विभाग बघतो, म्हणून तुला लिहिते. इथली परिस्थिती तुला नव्यानं सांगायला नको, तरी सांगते, कारण पुण्यात बसलं की माणसं विसरतात. हे फटाक्यांचं गाव. दिवाळीच्या आधीचे महिने कामाचे आणि भाजण्याचेही. भाजलेल्यांचा तज्ज्ञ डॉक्टर जवळपास नाही. दर बुधवारी पुण्याहून डॉ. दीपमाला मॅडम त्या कॅमेऱ्यातून आमचे पेशंट बघतात आणि त्या सांगतील तसं मी इथं करते. ही एक खोली आहे म्हणून माणसं टिकली आहेत.

सध्या माझ्या डोक्यात एकच पेशंट आहे. आफरीन. पावसाळ्याच्या सुरुवातीला फटाक्यात दारू भरताना उजवा हात भाजला. जखम भरत आली, पण कातडी आवळते आणि बोटं तळव्याकडे वळायला लागतात. मॅडम दर आठवड्याला हात बघून फळी किती सरळ बांधायची ते सांगतात. हे बघणं थांबलं तर मूठ मिटेल आणि ती पुन्हा उघडणार नाही. वय सव्वीस.

तू फोनवर जे सांगतेस त्यातलं निम्मं मला कळतं, आणि फोन ठेवला की तेही जातं. लिहून कळव, म्हणजे परत परत वाचता येईल. शब्द सोपे वापर. आम्ही नर्सिंगची पदवी घेतली तेव्हा पुस्तकात संगणकाचं चित्र होतं, संगणक नव्हता.

जेवणाच्या वेळा सांभाळ.

शिवगंगा आत्या


पुणे
८ सप्टेंबर

आत्या,

नमस्कार. तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग दार लावून घेतलं आणि हे लिहायला बसले.

भिंतीवर तो चपटा डबा आहे ना, ज्यात सगळ्या निळ्या वायरी जातात, तो नेटवर्कचा स्विच. त्यावरच्या प्रत्येक भोकाला पोर्ट म्हणतात. आतापर्यंत कुठलीही वायर कुठल्याही पोर्टमध्ये खोचली की आत प्रवेश. मग आपल्या एका केंद्रातून पेशंटचे फोटो बाहेर गेले, मोठा गोंधळ झाला आणि मुख्यालयानं ठरवलं की सगळे पोर्ट बंद. वायर खोचली की पोर्ट विचारतो, तू कोण? यंत्रानं नाव आणि दाखला सांगायचा. पोर्ट तो पुण्याच्या सर्व्हरला विचारतो, सर्व्हर हो म्हणाला तरच दार उघडतं. ही व्यवस्था सगळ्या केंद्रांत बसवायचं काम माझ्याकडेच आहे. म्हणजे तुमचा पडदा काळा केला तो मीच.

तुमच्या संगणकांना उत्तर द्यायला शिकवलंय. कॅमेरा जुना आहे. आपल्याला काही विचारलं जातंय हेच त्याला कळत नाही. तो गप्प राहतो, दार बंद राहतं.

यावर सरळ उपाय आहे. प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच एक नंबर असतो, तो सर्व्हरच्या यादीत घालायचा आणि त्यावरून आत घ्यायचं. मी तसा अर्ज केला. साहेब म्हणाले, "ज्याला ओळख सांगता येत नाही ते यंत्र बदला. अपवाद नको." नवीन यंत्राची फाईल कुठं अडकली आहे ते कुणालाच माहीत नाही.

म्हणून मी एक केलंय. तुमच्या स्विचचा सातवा पोर्ट उघडा ठेवलाय. तिथं कुणालाच काही विचारलं जात नाही. कॅमेऱ्याची वायर सातव्यात लावा. दुसरं काहीही तिथं लावू देऊ नका, कारण जे लावाल ते न विचारता आत येईल. हे चूक आहे, मला कळतं. कुणाला सांगितलेलं नाही.

अजून एक. नोकरीच्या फॉर्मवर 'संस्थेत नातेवाईक आहेत का' असं होतं. मी 'नाही' लिहिलं. वशिल्यानं लागली असं कुणी म्हणायला नको होतं. आता ते निस्तरता येत नाही. म्हणून ऑफिसच्या मेलवर मला लिहू नका, कामाच्या वेळात फोन करू नका. या खोलीच्या पत्त्यावर पत्र टाका.

हर्षाली


तेरखेडा
१७ सप्टेंबर

हर्षाली,

यंत्र चालू झालं. आज मॅडमनी आफरीनचा हात बघितला.

तुला सांगण्यासारखं आहे म्हणून सांगते. ही पोरगी माझं ऐकत नाही. मी फळी बांधायला गेले की, "सिस्टर, जरा ढिली बांधा ना, रात्रभर ठणकती." आणि पडद्यावर मॅडम आल्या की शाळेतल्या मुलीसारखी ताठ बसते. मॅडम म्हणाल्या, "आफरीन, बोटं उघड." तिनं दात आवळून उघडली. "अजून." अजून उघडली. "शाबास. अंगठा मधल्या बोटाला टेकव." टेकला नाही, पण अगदी जवळ गेला. मॅडमनी टाळी वाजवली. तिची सासू हसीनाबी माझ्या कानाशी म्हणाली, "बाई, डाक्टरनीनं बगितलं की त्या दिवशी दोन भाकरी खाती. तुमी बगितलं की रडती." मी म्हटलं, माझं काम फळी बांधायचं आहे, भाकरी खायला लावायचं नाही.

मॅडमच्या मते असंच चाललं तर दिवाळीपर्यंत अंगठा टेकेल. म्हणजे हात वाचला.

आता तुझ्याबद्दल. नातं लपवायची गरज नव्हती. खोटं लिहून मिळवलेल्या नावलौकिकाला मी काही म्हणत नाही, तू काय म्हणतेस ते बघ. तुझ्या बाबाला, रामकिसनला, मी हे कळवणार नाही, त्याला रक्तदाबाचा त्रास आहे. पण तू जे केलंस त्याचा आफरीनला उपयोग झाला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

वायरला मी लाल चिकटपट्टी गुंडाळली आणि सगळ्यांना उभं करून सांगितलं, ही या केंद्रातली सगळ्यात महत्त्वाची वायर, हिला कुणी हात लावायचा नाही. का, ते सांगितलं नाही. तुझं गुपित आहे, माझ्या तोंडून फुटणार नाही. औषधं देणारा श्रीनाथ कुरकुरत होता की नव्या व्यवस्थेनं त्याचा घरून आणलेला वाय-फायचा डबा बंद पाडला. म्हटलं, बरं झालं, आता गोळ्या मोजताना चुका कमी होतील.

शिवगंगा आत्या


तेरखेडा
३ ऑक्टोबर

हर्षाली,

दोन बुधवार गेले. पडदा काळा आहे.

तुला फोन केले. उचलले नाहीस. संध्याकाळी केले, रविवारी केले, उचलले नाहीस. मदतीच्या नंबरवर पुन्हा तेच, यंत्र ओळख देत नाही. म्हणजे तू दार उघडलंस आणि स्वतःच बंद केलंस. साहेब ओरडले असतील, तू घाबरली असशील. घाबरलीस याचं मला काही वाटत नाही. पण एक ओळ लिहायला काय झालं होतं? आधी कळतं तर मी आफरीनला गाडीत घालून पुण्याला आणलं असतं. तेव्हा हसीनाबी हो म्हणाली असती. आता घरचे म्हणतात, हंगाम चालू आहे, कोण नेणार.

पहिल्या बुधवारी मी माझ्या मोबाईलवर हाताचा फोटो काढून मॅडमना पाठवला. त्यांनी लगेच उत्तर दिलं, फळी अशी बांधा, आणि फोटो पेशंटच्या नोंदीत जोडला. दुसऱ्या दिवशी आम्हा दोघींना मुख्यालयाचा मेमो आला. पेशंटचा फोटो खाजगी फोनवरून पाठवणं हा शिस्तभंग. मॅडमनी मला कळवलं, "सिस्टर, यापुढे मी उत्तर देऊ शकणार नाही. माफ करा." त्यांचं बरोबर आहे. माझंही बरोबर होतं.

दुसऱ्या बुधवारी आफरीन काळ्या पडद्यासमोर तासभर बसली. मी म्हटलं, घरी जा. म्हणाली, "येतील की मॅडम. लेट व्हतं कधी कधी."

तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.

शिवगंगा


पुणे
८ ऑक्टोबर

आत्या,

मी काहीही बंद केलेलं नाही.

बावीस तारखेला, सोमवारी, दुपारनंतर इथल्या पडद्यावर तुमचं केंद्र लाल झालं. सातव्या पोर्टवर वाय-फायचा डबा, आणि त्याच्यावर गावातले मोबाईल. कुणी सिनेमा बघत होतं, कुणी गाणी. न विचारता सगळे आत, पेशंटच्या नोंदी जिथं आहेत त्याच नेटवर्कमध्ये. साहेबांनी मला बोलावलं. "हा पोर्ट उघडा कुणी ठेवला?" मी म्हटलं, मी. "का?" मी गप्प राहिले. कॅमेऱ्याचं सांगितलं असतं तर 'त्याच केंद्राचा एवढा पुळका का' हा पुढचा प्रश्न आला असता. त्यांनी त्याच क्षणी माझे सगळे अधिकार काढले आणि सातवा पोर्ट बंद केला. आता तुमच्या स्विचला मी हात लावू शकत नाही.

तुमचे फोन आले ते मी बघितले. एकदा मी चौकशीच्या टेबलाशी बसले होते, फोन उताणा, आणि त्यावर 'आत्या तेरखेडा' असं लखलखत होतं. मी तो पालथा केला. त्यानंतर उचलायचा धीर झाला नाही. हे लिहायलाही झाला नाही.

पण मी एकच गोष्ट सांगितली होती. सातव्यात दुसरं काही लावू देऊ नका. एकच. तुमच्या केंद्रात तुमच्या परवानगीशिवाय पंखा लागत नाही असं बाबा म्हणतात. मग हे कसं झालं?

हर्षाली


तेरखेडा
१४ ऑक्टोबर

हर्षाली,

कसं झालं ते शोधलं. ऐक.

बावीस तारखेला मी तालुक्याला, वाशीला, बैठकीला होते. दुपारी आभाळ भरून आलं, विजा सुरू झाल्या. या गावात कुठल्या छपराखाली किती दारू आहे ते सांगता येत नाही, म्हणून ढग गडगडला की घरोघर मेन बंद करतात आणि हाताला लागेल ती वायर उपटतात. आपला रखवालदार बिरू. त्याचं अर्धं आयुष्य फटाक्यांच्या शेडमध्ये गेलं. त्यानं भिंतीवरच्या डब्यातल्या सगळ्या वायरी काढल्या आणि पाऊस ओसरल्यावर परत लावल्या.

मी त्याला समोर बसवलं.

"लाल पट्टीच्या वायरीला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"बाई, ईज कडाडत व्हती. ती काय लाल पट्टी बगून पडती व्हय? समद्यात म्होरची वायर तुमी म्हनला, म्हून तर पयली तीच काढली."

"मग परत लावताना पहिल्या भोकात का लावलीस? ती सातव्यात होती."

तो माझ्याकडं असा बघत राहिला जसं मीच काहीतरी अचाट विचारलं. "मानाची वायर हाय, बाई. तिला सातव्या नंबरला ठिवायची? म्होरच्याला म्होरं जागा. म्या मुद्दाम पयल्या भोकात लावली. वरनं पुसून घेतली."

वायर महत्त्वाची, हे मी सगळ्यांना सांगितलं होतं. भोक महत्त्वाचं, हे सांगितलं नव्हतं, कारण ते सांगितलं तर का ते सांगावं लागलं असतं.

सातवं रिकामं राहिलं. श्रीनाथनं सहज म्हणून आपला वाय-फायचा डबा एकेका भोकात खोचून बघितला. सातव्यात दिवा लागला. त्याला वाटलं, मुख्यालयाला दया आली. बाहेर बसलेल्या पेशंटांच्या नातेवाइकांना त्यानं पासवर्डही वाटला. "मॅडम, लोक दिवसभर बसतात हो, तेवढाच विरंगुळा," असं मला म्हणाला. त्याला मी जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

लाल पट्टी दिसत होती, म्हणून मी भोक मोजून बघितलं नव्हतं; वायर आता सातव्यात आहे. त्याचा उपयोग नाही, ते तू लिहिलंसच.

तुझ्यावर मी चुकीचा आरोप केला. तो मागं घेते.

आता आफरीन. गेल्या आठवड्यात फळी बांधायला आली नाही, म्हणून मी घरी गेले. फळी कोपऱ्यात पडली होती. बोटं वळली होती, अर्ध्यापर्यंत. मी रागावले. म्हटलं, एवढे महिने कशासाठी केलं मग? ती शांतपणे म्हणाली, "कुनी बघत न्हाई आता. मग कशाला बांधू? ठणकतं." मी म्हटलं, मी बघते. म्हणाली, "तुमी बघता, सिस्टर. पर तुमाला मॅडमनं सांगितल्याबिगर कळतंय का, किती बांधायची?" कळत नाही. अंदाजानं बांधत होते. तेही तिला कळलं होतं.

मी जरा जास्तच बोलले असेन. दुसऱ्या दिवशी ती माहेरी उमरग्याला निघून गेली.

शिवगंगा आत्या


पुणे
१२ नोव्हेंबर

आत्या,

दिवाळीला आले नाही, कारण बाबांच्या समोर बसून खोटं बोलता आलं नसतं.

चौकशीची शेवटची बैठक परवा झाली. मी सगळं सांगितलं. तुम्ही माझ्या आत्या आहात, फॉर्मवर खोटं लिहिलं, पोर्ट मी उघडला, कॅमेऱ्यासाठी उघडला. आफरीनचं नाव न घेता तिच्या हाताचंही सांगितलं. साहेब म्हणाले, "हे आधी सांगितलं असतंत तर?" मी म्हटलं, आधी मी अर्ज केला होता, त्यावर तुमची नकाराची सही आहे.

दीपमाला मॅडमना साक्षीला बोलावलं होतं. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, पेशंटचे फोटो सुरक्षित राहावेत म्हणून तुम्ही कुलपं लावलीत, आता फोटो सुरक्षित आहेत आणि पेशंट नाहीत.

निकाल असा. मला राजीनामा द्यायला सांगितलं, मी दिला. आणि कॅमेऱ्याचा नंबर सर्व्हरच्या यादीत घालायला मंजुरी मिळाली. आता तो कुठल्याही पोर्टमध्ये चालेल. बिरूकाकांना सांगा, पहिल्यात लावा, सातव्यात लावा, हवं तिथं लावा. यादीत नंबर मी घातला नाही, दुसऱ्यानं घातला. मी मागं उभं राहून बघितलं. चार ओळींचं काम होतं.

येत्या बुधवारी पडदा लागेल. आत्या, तिला परत आणा. हात अजून वाचेल ना?

हर्षाली


तेरखेडा
२६ नोव्हेंबर

हर्षाली,

पडदा गेल्या बुधवारीच लागला. चित्र स्वच्छ आहे.

त्याआधी मी एसटीनं उमरग्याला जाऊन आले. आफरीनचा हात मिटला आहे. अंगठा बोटांच्या आत गेलाय. तिच्या आईनं चहा केला, तिनं डाव्या हातानं कप दिला. मी म्हटलं, मॅडम परत आल्या, बुधवारी चल. तिनं आईकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. म्हणाली, "आता मॅडम काय बघतील? बंद मूठ?"

हसीनाबी तिथंच होती, सुनेला न्यायला आली होती. मी दोघींना समजावलं की आता फळीनं भागणार नाही, ऑपरेशन लागेल, पुण्याला राहावं लागेल, नंतर पुन्हा महिनोन्‌महिने दर आठवड्याला दाखवावं लागेल. हसीनाबी म्हणाली, "बाई, तुमच्यावर राग न्हाई. पर दाखवायचं म्हनता, आन मधीच दार बंद करता. पुन्हा कापायचं, पुन्हा बांधायचं, पुन्हा तिनं दात आवळायचे, आन पुन्हा एक दिस पडदा काळा. व्हनार न्हाई म्हनून लिवून देता का?"

मी बत्तीस वर्षं पेशंटच्या नातेवाइकांना उत्तरं देत आले आहे. लिहून द्यायला माझ्या हातात काय आहे? तुझ्याही हातात नव्हतं.

मी उठले. आफरीन दारापर्यंत आली. म्हणाली, "मॅडमना सलाम सांगा." एवढंच.

तू विचारलंस, हात वाचेल का. नाही. मॅडमनाही विचारलं. ऑपरेशन लवकर झालं तर थोडाफार उघडेल, नाहीतर नाही, आणि ते लवकर होणार नाही. तुला खोटा धीर देणं मला जमत नाही.

राजीनाम्याबद्दल मी काही म्हणत नाही. वाशीला जाऊन रामकिसनला तू स्वतः सांग. त्याला दुसऱ्याकडून कळू नये.

आज पुन्हा बुधवार. हंगाम संपला, नवे भाजलेले नाहीत. जुने पेशंट पडदा बंद असताना पांगले ते पांगलेच, निरोप पाठवला तरी आले नाहीत. अकरा वाजता मॅडम पडद्यावर आल्या. समोरची खुर्ची रिकामी होती. त्या म्हणाल्या, "सिस्टर, पेशंट?" मी म्हटलं, "कुणी नाही." त्यांना वाटलं आवाज नीट आला नाही, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.

त्यांनी पडदा बंद केला नाही. त्यांच्या मागं भिंतीवर घड्याळ होतं, मी तिकडं बघत राहिले. त्या कुठं बघत होत्या, ते मी बघितलं नाही.

शिवगंगा आत्या